वर्षावनात माकडांची गणना, वर्तन-नोंदी आणि कॅमेरा ट्रॅप: आराखडा तपासून हवा आहे

रानमेवा

उष्णकटिबंधीय वर्षावनातल्या सहा महिन्यांच्या कामाचा आराखडा करतो आहे. क्षेत्र साधारण १२ चौरस किलोमीटर, सखल, मधून दोन ओढे, झाडांचं छत ३० ते ३५ मीटरवर. माकडांच्या तीन जाती आहेत. एक पानं खाऊन तासन् तास बसणारी, दुसरी पिकल्या फळांमागे लांब फिरणारी आणि सतत लहान गटांत फुटणारी, तिसरी छोटी, किडे शोधत क्षणभरही स्थिर न राहणारी. शिवाय जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांचीही नोंद हवी आहे. माणसं तीन: दोन निरीक्षक आणि रानाचा माहीतगार वाटाड्या. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) २०.

प्रश्न असे:

१) घनता काढायला ट्रान्सेक्ट (मोजणीसाठी चालायच्या सरळ रेषा) किती, केवढे, किती वेळा चालायचे? टोळी ५० मीटर पसरलेली असेल तर अंतर नेमकं कुठपर्यंत मोजायचं? लेझर रेंजफाइंडर पानांवरूनच परत येतो, त्याचं काय?

२) वर्तनासाठी स्कॅन (ठरावीक वेळाने दिसणाऱ्या सगळ्यांची नोंद) की फोकल (ठरलेला वेळ एकाच माकडावर नजर)? तिन्ही जातींना एकच पद्धत चालेल का?

३) २० कॅमेरे कसे मांडावेत?

आकडेवारीचं सॉफ्टवेअर येतं, ते सांगायची गरज नाही. रानात काय बिघडतं ते हवं आहे.

शेकरू_७

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी उलटा हिशेब करा. डिस्टन्स सॅम्पलिंगमध्ये (रेषेपासूनच्या अंतरांवरून घनता काढण्याच्या पद्धतीत) सापडण्याची वक्ररेषा, म्हणजे अंतर वाढतं तसं प्राणी दिसणं कसं घटतं ती, नीट बसायला प्रत्येक जातीच्या किमान ६० ते ८० नोंदी लागतात. समजा तुमच्याकडे किलोमीटरमागे ०.३ टोळ्या दिसतात. मग ६५ नोंदींसाठी सुमारे २१६ किमी चालावं लागेल. १२ रेषा, प्रत्येकी दीड किलोमीटर, प्रत्येक १२ वेळा: १८ गुणिले १२, बरोबर २१६. रेषा एकमेकींना समांतर, ५०० मीटर अंतरावर ठेवा, म्हणजे एका रेषेने जाऊन शेजारचीने परत येता येतं आणि १४४ फेऱ्या ७२ सकाळींत बसतात. रेषांची जागा नकाशावर ठरवा. पहिलीची सुरुवात चिठ्ठी टाकून, बाकीच्या तिच्यापासून ठरावीक अंतरावर. आयत्या पायवाटा वापरायचा मोह आवरा. पायवाटा माथ्याने किंवा ओढ्याच्या काठाने जातात, तिथली झाडं वेगळी, फळं वेगळी, म्हणून माकडांची संख्याही वेगळी.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. एकच रेषा १२ वेळा चालली म्हणजे १२ नमुने झाले असं नाही. नमुना एकच, फक्त त्यावरची मेहनत १८ किमी. विचलन (उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं ते) रेषारेषांमधल्या फरकातून निघतं, म्हणून चार लांबलचक रेषांपेक्षा बारा आखूड रेषा बऱ्या.

रेषा छाटताना माणूस सरकेल एवढीच, जास्तीत जास्त मीटरभर रुंद ठेवा. रुंद केली की ऊन शिरतं, वेली माजतात आणि काही प्राणी तिचाच रस्ता करतात. छाटल्यावर किमान दोन आठवडे तिथे मोजणी नको. दर २५ मीटरला क्रमांकाची पट्टी लावा. छताखाली जीपीएस सहज १० मीटर इकडेतिकडे दाखवतो, पट्टी मात्र जागची हलत नाही.

उजाडल्यावर अर्ध्या तासात निघा, साडेदहापर्यंत संपवा. वेग ताशी एक किलोमीटर, दर १०० मीटरला मिनिटभर थांबून ऐकायचं. यापेक्षा भरभर चाललात तर छोटी माकडं रेषेच्या अगदी डोक्यावर असूनही सुटतात, आणि सगळं गणित ‘रेषेवरचा प्राणी हमखास दिसतो’ या गृहीतकावर उभं आहे. पाऊस पडत असेल किंवा नुकताच थांबून फांद्या गळत असतील तर फेरी रद्द करा. थेंबांच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही आणि वर बघितलं तर भिंगावर पाणी.

आता अंतर. लेझर पानांत अडकत असेल तर माकडाकडे रोखूच नका. माकड ज्या झाडावर आहे त्याच्या खोडाकडे, डोळ्याच्या उंचीवर रोखा, सरळ आडवं अंतर मिळतं. खोड दिसत नसेल तर तिरकं अंतर आणि वरचा कोन घ्या. तिरकं ३० मीटर, कोन ५० अंश असेल तर आडवं अंतर ३० गुणिले ०.६४, म्हणजे १९.३ मीटर. मग होकायंत्राने रेषेची दिशा आणि माकडाची दिशा यांतला फरक घ्या. तो ३० अंश असेल तर रेषेपासूनचं लंब अंतर १९.३ गुणिले ०.५, म्हणजे ९.६ मीटर. वरचा कोन न घेता ३० मीटरच धरले तर हेच अंतर १५ येतं. घनतेत केवढी तफावत पडेल ते बघा.

अंतर ‘साधारण १०, साधारण १५’ असं लिहू नका. नोंदी ५, १०, १५, २० वर साचतात आणि वक्ररेषेला दात पडतात. आणि माकड पहिल्यांदा जिथे दिसलं तिथलं अंतर घ्यायचं, तुम्हाला बघून पळाल्यावर थांबलं तिथलं नाही.

पसरलेल्या टोळीत टोळीच्या मध्यापर्यंत मोजा. पहिल्या दिसलेल्या माकडापर्यंत मोजलं तर अंतरं आखूड येतात, कारण पहिलं दिसणारं बहुधा तुमच्या जवळच्या कडेचं असतं. अंतरं आखूड म्हणजे मोजलेला पट्टा अरुंद, आणि पट्टा अरुंद म्हणजे घनता फुगलेली. ६५ नोंदी, २१६ किमी, एका बाजूचा प्रभावी पट्टा २५ मीटर धरला तर क्षेत्र २ × २१६ × ०.०२५ = १०.८ चौ. किमी, म्हणजे चौरस किलोमीटरला ६ टोळ्या. हाच पट्टा चुकून १५ मीटर आला तर उत्तर १० टोळ्या.

पानझड

शेकरू_७ यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. ‘टोळीच्या मध्यापर्यंत मोजा’ हे मात्र कागदावर सोपं आहे. घनदाट छतात टोळीचा मध्य ठरवायला दहा-पंधरा मिनिटं रेंगाळावं लागतं, तेवढ्यात टोळी सरकते आणि निरीक्षक नकळत तिच्यामागे जातो. पसरट टोळ्यांसाठी व्यवहार्य मार्ग असा: जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबा, रेषा न सोडता जेवढी माकडं दिसतील तेवढ्यांची लंब अंतरं वेगवेगळी लिहा, आणि विश्लेषणात दिसलेल्या माकडांच्या अंतरांची सरासरी घ्या. एकेक माकड स्वतंत्र नोंद धरायचं तर विचलन टोळीच्या पातळीवर काढा, नाहीतर खोटी अचूकता मिळते.

टोळीचा आकार ट्रान्सेक्टवरून घेऊ नका. तिथे दिसतो तो कायम कमीच. वेगळ्या दिवशी टोळीमागे जा आणि ती ओढ्यावरून किंवा पडलेल्या झाडाच्या मोकळ्या जागेवरून एकामागून एक उडी मारत असेल तेव्हा दोघांनी स्वतंत्रपणे मोजा. पाठीवरची पिल्लं एकाने मोजायची, मोठी माकडं दुसऱ्याने. तीन-चार मोजण्यांतली सगळ्यात मोठी संख्या धरा.

दुसरा प्रश्न. प्राणीवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये वर्तन-नोंदींच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिचं सार आजही हेच आहे की डोळ्यांना जे ठळक दिसतं ते जास्त लिहिलं जातं. भांडण दिसतं, उडी दिसते. पानांआड झोपलेली मादी दिसत नाही. मनाला येईल तसं टिपलेल्या नोंदींवरून ‘दिवसाचा किती वेळ काय करतात’ हे कधीच काढू नका.

पानं खाणाऱ्या जातीला स्कॅन उत्तम. दर १५ मिनिटांनी, एक स्कॅन ३ ते ५ मिनिटांत संपवायचा. डावीकडून उजवीकडे जा, एका माकडाची एकदाच नोंद, आणि नजर पडल्यावर पाच सेकंद जे टिकलं तेच वर्तन लिहा. ही पाच सेकंदांची अट नसेल तर हालचाल जास्त नोंदली जाते, कारण हलणाऱ्यावरच डोळा आधी जातो. दिसलेल्या माकडांइतकीच न दिसलेल्यांची संख्या महत्त्वाची आहे. १४ च्या टोळीतली ६ दिसली तर ‘६ दिसली, ८ दृष्टीआड’ असंच लिहा. दृष्टीआडचा रकाना नसलेला तक्ता मी तपासायलाही घेत नाही. विश्रांती घेणारी माकडं दाट पानांत बसतात आणि खाणारी फांदीच्या टोकाला येतात, म्हणजे दृष्टीआड जास्त असताना खाण्याचं प्रमाण आपोआप फुगतं.

फळांमागे फिरणाऱ्या, गट फुटणाऱ्या जातीला (स्पायडर माकडांसारख्या) स्कॅन फारसा उपयोगी नाही. ‘टोळी’ कुठे संपते तेच ठरत नाही. तिथे फोकल घ्या, १० मिनिटांचा, आणि उपगटाची व्याख्या आधी ठरवा: कोणत्याही सदस्यापासून ३० ते ५० मीटरच्या आत असलेला प्रत्येक जण त्याच साखळीत. आकडा कोणताही घ्या, पण कामाच्या मध्यावर बदलू नका. कोणाचा फोकल घ्यायचा हे सकाळी चिठ्ठ्यांनी ठरवलेल्या यादीप्रमाणे. समोर दिसतंय ते घेतलं तर धीट नरांचाच अभ्यास होतो.

छोट्या, सतत हलणाऱ्या जातीला पाच मिनिटांचा फोकल, दर ३० सेकंदांनी एक ठोका. त्यातही एक तृतीयांशाहून जास्त ठोके दृष्टीआड गेले तर तो फोकल बाद. बाद झालेलेही मोजून ठेवा.

दोन निरीक्षक असल्यामुळे सुरुवातीला एकाच टोळीवर, एकाच वेळी, न बोलता स्वतंत्र नोंदी घ्या आणि कॅपा (दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा, पूर्ण जुळल्या तर १) काढा. ०.८ च्या खाली असेल तर वर्तनाच्या व्याख्या सैल आहेत. बहुतेक वेळा घोळ ‘खाणं’ आणि ‘चारा शोधणं’ यांत असतो. हात तोंडाशी गेला किंवा जबडा हलतोय तरच खाणं, अशी कोरडी व्याख्या करा.

रानमेवा

दोघांचे आभार. दोन उपप्रश्न. माणसांची सवय नसलेल्या टोळीवर नोंदी किती दिवसांनी भरवशाच्या होतात? आणि एकेक माकड ओळखायचं कसं? ३० मीटरवर खालून फक्त पोट आणि शेपटी दिसते.

पानझड

सवय जातीवर आणि शिकारीच्या इतिहासावर अवलंबून. शांत रानातली पानं खाणारी माकडं काही आठवड्यांत दुर्लक्ष करू लागतात. चिंपांझींना काही वर्षं लागतात. जिथे शिकार होते तिथे सवय लावण्याचा विचारही दोनदा करा, कारण तुम्हाला न घाबरणारं माकड बंदूकवाल्यालाही घाबरत नाही. दिवस मोजण्यापेक्षा कसोटी ठरवा: टोळीशी गाठ पडल्यावर धोक्याची हाक, फांद्या हलवणं, दूर सरकणं किती मिनिटं चालतं ते दरवेळी लिहा. ती मिनिटं कमी होत होत सपाट झाली की नोंदींना सुरुवात. रोज एकाच रंगाचे कपडे, दिसतील असे उभे राहा, लपूनछपून जाऊ नका. लपणारा प्राणी म्हणजे शिकारी, एवढं त्यांना कळतं. हाउलर (मध्य-दक्षिण अमेरिकेतली मोठ्याने ओरडणारी, पानं खाणारी माकडं) थेट डोक्यावर येऊन मूत्र-विष्ठेचा अभिषेक करतात, तेव्हा वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा.

सवयीसाठी सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे झोपेचं झाड. संध्याकाळी टोळी स्थिरावली की झाडाला फीत बांधा, पहाटे उजाडण्याआधी त्याच झाडाखाली हजर राहा. पानं खाणारी जात दिवसात काही शे मीटरच सरकते, तिला सलग पाच दिवस धरून ठेवता येतं. फळं खाणारी मात्र नऊ वाजेपर्यंत किलोमीटरभर पुढे गेलेली असते.

ओळखीसाठी खालून दिसणाऱ्या खुणाच घ्या: शेपटीचं वळण किंवा तुटलेलं टोक, तळपायावरचे फिकट डाग, वाकडं बोट, स्तनाग्रांची लांबी (पिल्लं पाजलेल्या मादीत लांब), जननेंद्रियाजवळचे रंगहीन ठिपके. हाउलरच्या मानेवर बॉटमाशीच्या (हिच्या अळ्या कातडीखाली वाढतात) अळ्यांच्या गाठी दिसतात, त्यांवरून कायमची ओळख ठेवू नका, काही आठवड्यांत अळी पडते आणि गाठ जाते. मँटल्ड हाउलर या जातीत लहान नरांची वृषणं बाहेर दिसत नाहीत, त्यामुळे पिल्लांचा ‘मादी’ रकाना विनाकारण भरतो. तिथे ‘अनिश्चित’ लिहा.

दुर्बीण ८×४२. दहापट भिंग मान वर करून धरलं की हात थरथरतो आणि छताखालच्या अंधारात त्याचा फायदाही होत नाही.

काजवा

कॅमेऱ्यांबद्दल.

उष्णकटिबंधीय रानांतल्या प्राण्यांवर नजर ठेवणाऱ्या टीम नावाच्या जागतिक जाळ्याची पद्धत सर्वांना माहीत आहे: ६० जागा, दर २ चौ. किमीला एक, ३० दिवस. ती तुमच्या १२ चौ. किमीवर लावली तर सहाच जागा होतात, त्यातून काही निघत नाही. त्यापेक्षा साडेपाचशे मीटरची जाळी टाका, ४० जागा होतील. २० कॅमेरे आधी निम्म्या जागांवर ४५ दिवस, मग उरलेल्या निम्म्यांवर ४५ दिवस. दोन्ही खेपांत जागा सगळ्या क्षेत्रभर विखुरलेल्या हव्यात. आधी उत्तर मग दक्षिण असं केलं तर ऋतूचा फरक आणि जागेचा फरक एकमेकांत मिसळतो. मोठ्या मांजरकुळातले प्राणी आणि टॅपिर (डुकरासारखा दिसणारा मोठा शाकाहारी प्राणी) यांचं वावरक्षेत्र जाळीच्या एका चौकोनापेक्षा कितीतरी मोठं, त्यांच्यासाठी उत्तर ‘किती जागा वापरल्या’ एवढंच वाचायचं, ‘किती प्राणी’ असं नाही.

जाळीचा बिंदू जिथे येईल तिथून २५ ते ५० मीटरच्या आत योग्य झाड शोधा, पण ‘इथे प्राण्यांची वाट दिसते’ म्हणून लांब सरकू नका. वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांत मांजरकुळ भरपूर येतं आणि लहान हरणं, मोठे उंदीर-घुशी कमी. यादी करायची असेल तर वाटा ठीक, घनता किंवा तुलना करायची असेल तर नको.

उंची ३० ते ४० सेंटिमीटर, भिंग जमिनीला समांतर, समोर ३ ते ४ मीटरवर प्राणी जाईल अशी मोकळी जागा. समोरची नेची आणि कोवळी रोपं जमिनीलगत कापा. वर्षावनात तीन आठवड्यांत तिथे पुन्हा पान उगवतं, म्हणून मधे एक फेरी हवीच. उताराच्या वरच्या बाजूला कॅमेरा लावला तर भिंग उताराला समांतर झुकवा, नाहीतर प्राण्याच्या पाठीवरून फोटो जातो.

कॅमेऱ्यातला संवेदक उष्णता मोजत नाही, प्राण्याचा पृष्ठभाग आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक बघतो. दुपारी रानच अंगाइतकं तापलं की लहान प्राणी समोरून जाऊनही कॅमेरा गप्प. ओल्या केसांचा प्राणीही असाच निसटतो. दुपारी नोंदी कमी आल्या म्हणून प्राणी दुपारी झोपतो असं लगेच लिहू नका.

दमट हवा खरी शत्रू. डब्यात सिलिका जेलची ५ ते १० ग्रॅमची पुडी, प्रत्येक फेरीत बदला. झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा कण राहिला तरी पाणी शिरतं. मुंग्या संवेदकासमोरच घर बांधतात, कोळी जाळं विणतात आणि रात्री इन्फ्रारेड प्रकाशात ते जाळं सगळा फोटो पांढरा करतं. बॅटऱ्या लिथियम किंवा चांगल्या निमएच (पुन्हा चार्ज होणाऱ्या), साध्या अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो आणि रात्रीचे फोटो आधी बंद पडतात. मग निशाचर प्राणी ‘कमी’ दिसतात.

लावताना आणि काढताना पाटीवर जागा क्रमांक, तारीख, वेळ लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. घड्याळ शून्यावर गेलं असेल तर शेवटची पाटी दाखवते. त्याच जागेवर त्याच जातीचे ३० मिनिटांच्या आतले फोटो एकच घटना धरायचे, किंवा ६० मिनिटं, काहीही, पण सगळीकडे एकच.

माकडांसाठी छतात कॅमेरा लावायचा विचार असेल तर दोन-तीनच लावा. आडवी फांदी दोन झाडांना जोडते तिथे, जाड खोडाला घट्ट. वाऱ्यात हलणाऱ्या फांदीला बांधला तर दोन दिवसांत कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरची मीटर-दीड मीटरची पानं काढावी लागतात. दोर आणि चढाईचं प्रशिक्षण नसेल तर सोडून द्या.

निशाचर वृक्षवासी प्राण्यांसाठी त्याच ट्रान्सेक्ट रेषा रात्री, ताशी अर्धा किलोमीटर, डोक्यावरच्या दिव्याने. डोळे चमकले की पांढरा झोत थेट रोखून न धरता लाल फिल्टर लावा, प्राणी थांबतो आणि ओळखता येतो. दिवा डोळ्यांच्या पातळीलाच हवा. हातात, कमरेशी धरला तर चमक परत तुमच्या डोळ्यांकडे येतच नाही.

चिखलवाट

वेळापत्रकाचं कोणी बोललं नाही. ७२ सकाळी ट्रान्सेक्ट, ४० जागांच्या कॅमेरा फेऱ्या, तीन जातींचं वर्तन, सवय लावणं, पावसाने बुडणारे दिवस: हे तीन माणसांत बसत नाही. रानात एकट्याने जायचं नाही हा नियम धरला (धराच, वाऱ्यात पडणाऱ्या फांद्या सापांपेक्षा धोकादायक) तर एका वेळी एकच तुकडी बाहेर असते. माझं मत: वर्तनासाठी एकच जात घ्या, पानं खाणारी. बाकी दोन जातींची फक्त गणना. पहिले दोन महिने रेषा छाटणं, कॅमेऱ्यांची पहिली खेप आणि सवय. नंतर महिन्यातून पाच सलग दिवस एकेका टोळीमागे.

त्या पाच दिवसांत खाल्लेलं प्रत्येक झाड क्रमांकाची पट्टी लावून ठेवा. खाली पडलेलं अर्धवट खाल्लेलं फळ किंवा पान कागदात दाबा, ओळख नंतर पटवता येते. घेर १.३ मीटर उंचीवर मोजायचा, पण वर्षावनात आधारमुळं (खोडाला टेकू देणारी फळीसारखी मुळं) तिथपर्यंत चढलेली असतात, मग ती संपतात त्याच्या वर मोजा आणि उंची सोबत लिहा. फळं किती आहेत हे माहीत नसेल तर खाण्याच्या नोंदी अर्धवट राहतात. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर १९८७ पासून अर्ध्या चौरस मीटरचे २०० सापळे लावून दर आठवड्याला पडलेली फळं-बिया मोजतात. तेवढं शक्य नाही, पण महिन्यातून एकदा ठरलेल्या झाडांवर कच्ची आणि पिकी फळं ० ते ४ अशा श्रेणीत लिहिणं शक्य आहे.

विष्ठेचे नमुने घेणार असाल तर हेतू आधी ठरवा, कारण एकच नमुना सगळ्याला चालत नाही. जनुकीय कामासाठी ९६ टक्के इथेनॉलमध्ये २४ ते ३६ तास, मग ओतून टाकून कोरड्या सिलिकावर. परजीवींच्या अंड्यांसाठी १० टक्के फॉर्मेलिन. संप्रेरकांसाठी अर्ध्या तासात उचला, मूत्र लागलेला भाग टाळा, लगेच गोठवा किंवा जागेवरच अल्कोहोलमध्ये अर्क काढा. विष्ठेतला ताण-संप्रेरकाचा आकडा आजचा नसतो, अन्न पोटातून जायला लागणाऱ्या वेळाइतका जुना असतो. हाउलरमध्ये हा साधारण २० तासांचा. डबीवर पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते.

अंतराबाबत: एपसाठी (चिंपांझी, गोरिला यांसारख्या बिनशेपटीच्या वानरांसाठी) आधी ७ मीटर सांगत, आता १० मीटर आणि मास्क. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माणसांकडून आलेल्या श्वसन विषाणूंनी चिंपांझी दगावल्याचं सिद्ध झालं आहे. माकडांनाही तोच नियम लावा. सर्दी झालेला माणूस त्या दिवशी कॅमेऱ्याच्या कार्डांवर बसेल.

मेलेलं माकड सापडलं तर हात लावू नका. दक्षिण अमेरिकेत हाउलर पीतज्वराने पटापट मरतात आणि त्यांची मढी ही पहिली सूचना असते. पश्चिम घाटातला क्यासनूर जंगलातील रोग १९५७ मध्ये ओळखला गेला तोही माकडं मरू लागल्यावर, आणि तो गोचिडांतून माणसाला होतो. जागा, तारीख, फोटो, आणि आधी ठरवून ठेवलेल्या पशुवैद्यकाला निरोप. त्याचा नंबर पहिल्या दिवशीच वाटाड्याकडेही द्या.